हेडचे दहा नट

घट बसले की आमच्या गॅरेजसमोरची धूळ बदलते. पावसाळाभर तिचा चिखल असतो. भाद्रपदात तो वाळून त्याचा पापुद्रा होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या माळेपासून तो उडायला लागतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रे भरून निघालेले ट्रक रोडपालीच्या वळणावर गिअर बदलतात, तशी तांबूस धूळ उठते आणि आमच्या दारातल्या जास्वंदीवर बसते. मी सकाळी पानं पुसते, दुपारी ती पुन्हा तशीच होतात. या धुळीला वास आहे. गंजाचा, सुकत चाललेल्या गवताचा, खाडीवरून येणाऱ्या खारट वाऱ्याचा. त्यात बॉनेटवर चढवलेल्या झेंडूचा वास मिसळला की नवरात्र आलं.

शेजारच्या बायकांना या दिवसांत रोजच्या रंगाची साडी आठवते, उपासाचं पीठ आठवतं, कामोठ्यातल्या कुठल्या सोसायटीचा गरबा चांगला ते आठवतं. मला मात्र एका जुन्या गाडीच्या इंजिनाचे दहा नट आठवतात.

मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग खाडीपलीकडच्या गावात होता आणि मुलींना होडीतून एकट्या पाठवत नसत. पण अक्षरं मी सोडली नाहीत. स्पेअर पार्ट ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात, ते तेलकट कागदसुद्धा मी वाचून मग टाकते. वाचायला जमतं, लिहायला जमतं, कारण तेव्हा समोर माणूस नसतो. माणूस समोर आला की मला बोलता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिची जीभ पाहुण्यांना बघून पळते. सगळे हसायचे, मीही हसायचे. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मीही मनात त्यांना मिस्त्रीच म्हणते. जन्म गेला ट्रकची इंजिनं खोलण्यात, पण जीव जुन्या गाड्यांत. पितृपक्षात आमच्याकडे काम नसतं. त्या पंधरवड्यात कुणी गाडी सोडवून नेत नाही, कुणी नवं इंजिन सुरू करत नाही. मालक लोक म्हणतात, घट बसू देत, मग बघू. त्या रिकाम्या दिवसांत मिस्त्री एखादी जुनी गाडी आत घेतात. अंगणात जुनी चादर पसरून त्यावर भाग मांडतात. दुपारच्या उन्हात रॉकेलचा वास, पितळी जाळ्या, छोटे स्प्रिंग, आणि मधे मांडी घालून बसलेले मिस्त्री. कुणी श्राद्धाचं पान मांडावं तसं त्यांचं सगळं नीटनेटकं असतं.

थळकर काकांची गाडी आली ती आठ वर्षांपूर्वी अशाच एका पितृपक्षात. काळी, गोल पाठीची, परदेशात बनलेली. तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. थळकर काका बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, पनवेलमध्ये जुन्या वस्तीत राहणारे. ते बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची माणसं इथे आता थोडीच उरलीत, बरीचशी मुलाबाळांकडे इस्राईलला गेली. बोलणं मात्र आपल्यासारखंच, उलट माझ्यापेक्षा शुद्ध.

गाडी खरं तर त्यांची नव्हती. त्यांच्या बायकोच्या, रिबकाबाईंच्या वडलांची. रिबकाबाई एका दुपारी आमच्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी सांगितलं. मला बोलावं लागत नव्हतं, त्या एकट्याच बोलत होत्या, म्हणून मला त्या आवडल्या. त्या आणि त्यांची थोरली बहीण हन्ना, दोघी लहानपणी याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून अलिबागकडे आजोळी जायच्या. हन्नाला गाडी लागायची. वडील दर नाक्यावर थांबून तिच्या हातात लिंबू द्यायचे. "आणि मी," रिबकाबाई म्हणाल्या, "मला काही होत नसे, तरी लिंबू मागायचे. एकदा तर खोटंच ओकायला बसले."

हन्नाबाई पुण्यात होत्या. मुलाने इस्राईलला घर घेतलं होतं, त्या कायमच्या तिकडे निघाल्या होत्या. जाण्याआधी तिला एकदा या गाडीत बसवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. गेल्यावर दोघी पुन्हा भेटतील की नाही ते दोघींच्या गुडघ्यांना माहीत, असं रिबकाबाई म्हणाल्या होत्या.

इंजिन उघडून पुन्हा बांधलं की एक काम मागे उरतं. इंजिनाच्या वर जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. दहा नट आवळून हेड तिच्यावर दाबून बसवतात. पण नवी पॅकिंग पहिल्याच दिवशी पूर्ण दबत नाही. गाडी थोडी धावते, तापते, थंड होते, पुन्हा तापते, तेव्हा कुठे ती बसते. ती बसली की वरचे नट सैल पडतात. म्हणून दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणायची, रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी थंड इंजिनावर दहाही नट पुन्हा आवळायचे. मिस्त्रींनी मला हे माझ्याच भाषेत समजावलं होतं. "लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतेस, दुसऱ्या दिवशी दोरी सैल लागते ना? दोरी सुटलेली नसते. खालचं बसलेलं असतं."

नट जागचा हललेला नसतो. बघणाऱ्याला तो जसाच्या तसा दिसतो. हे मला नंतर फार वेळा आठवलं.

त्या वर्षी त्यांचं नवं वर्ष आणि आमचे घट एकाच अमावास्येनंतर आले. त्यांच्यात त्याला नव्याचा सण म्हणतात. त्यानंतर दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण. त्या दिवशी ते दार लावून घरात राहतात, कडक उपास करतात आणि देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा भेटीगाठी. रिबकाबाईंनी हे सगळं बोटांवर मोजून सांगितलं होतं, कारण शिळ्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला जायचं ठरलं होतं. हन्नाबाई त्या दिवशी दुपारी दोनला मुंबईकडे निघणार होत्या, विमान संध्याकाळचं. थळकर मंडळी अकराला पोहोचणार, बहिणीला गाडीतून फिरवणार, एकत्र जेवणार.

पाचव्या माळेला गाडी न्यायला काका येणार होते. त्याच सकाळी उरणकडून फोन आला, मिस्त्रींचा भाऊ माडावरून पडला होता. मिस्त्रींनी कपडे बदलता बदलता मला सांगितलं, "काका आले की त्यांना येवढंच सांग. तीनशे किलोमीटर झालं की गाडी आणून ठेवा. नट आवळल्याबिगर घाट चढायचा नाय. येवढंच. इसरू नको गो."

मी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

मी ते वाक्य शंभर वेळा मनात म्हटलं. भाकऱ्या करताना, केर काढताना. मग भीती वाटली की ऐन वेळी जमणार नाही, म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून काढल्या. कागद घडी करून मुठीत धरला.

काका आले ते एकटे नाही. रिबकाबाई होत्या, त्या आल्या तशा दार लावून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांचा मुंबईचा भाचा होता, भाच्याची बायको, अजून कुणी दोघं. सगळी चांगली माणसं. कपड्यांना सुगंध, बोलणं अर्धं इंग्रजी. भाच्याने फोन वर धरून गाडीचा व्हिडिओ सुरू केला. आधी चाकं, मग बॉनेट, मग काका. काका म्हणाले, "मिस्त्री नाहीत, पण वहिनी आहेत. वहिनी, मिस्त्रींचा काही निरोप?"

भाच्याने फोन माझ्याकडे वळवला. "हां आंटी, बोला. इंजिनाबद्दल दोन शब्द."

फोनच्या मागे त्याचा एक डोळा मिटलेला होता, तो हसत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या पदराला ग्रीसचा डाग होता, तो मला एकदम दिसला. मी मान हलवली. नाही, असं.

"काही नाही?" काका म्हणाले.

मी पुन्हा मान हलवली. मुठीतला कागद घामाने ओला झाला होता. तो द्यावा असं मनात आलं. पण माझं अक्षर मोठं आहे, पहिलीतल्या मुलासारखं. तो कागद त्यांनी तिथेच उलगडला असता, भाच्याने त्याचाही व्हिडिओ घेतला असता. मनात म्हटलं, संध्याकाळी फोनवर सांगेन. फोनवर माणूस दिसत नाही. रिबकाबाईंनी जाताना खिडकीतून माझ्या हातात मलिद्याचं ताट ठेवलं. त्यांच्यात मनातलं काही पुरं झालं की करतात तो, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. म्हातारी सुरू झाली, धूळ उडवत गेली, आणि मी ताट धरून उभी राहिले.

संध्याकाळी मिस्त्री आले. भावाचा पाय मोडला होता. त्यांचा चेहरा ओढलेला. चपला काढता काढता विचारलं, "सांगलंस ना काकांना?"

मी म्हटलं, "हो."

इतकं सोपं होतं ते. अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून न अडखळता निघालेला तो एकच शब्द.

फोन मी केला नाही. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं, तिसऱ्या दिवशी वाटलं आता उशीर झाला, आता फोन केला तर विचारतील त्याच दिवशी का नाही सांगितलं. नवव्या माळेला मिस्त्रींनी पूजेची हत्यारं धुता धुता सहज म्हटलं, "काका अजून गाडी घेऊन आले नाय. फोन करू काय?" त्यांच्या खिशात फोन होता. मी म्हटलं, "येतील ते. त्यांना माहीत आहे." पहिलं खोटं भीतीतून निघालं होतं. हे दुसरं मी विचार करून बोलले. स्वतःला कितीही वेळा समजावलं तरी या दुसऱ्यापाशी येऊन मी अडते.

दसऱ्याला आमच्याकडे ओळीने पंधरा ट्रक उभे होते. प्रत्येकाला हार, प्रत्येकाच्या चाकाखाली लिंबू. मी आरतीचं तबक घेऊन फिरत होते आणि मनात म्हणत होते, त्यांनी घाट चढू नये, त्यांनी एक्सप्रेस-वेने जावं, त्यांनी भाच्याच्या गाडीतून जावं. जणू एक्सप्रेस-वेला चढ नसतो.

जुन्या रस्त्याने खोपोलीच्या पुढे, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे म्हातारी थांबली. दोन दिवसांनी टोइंगच्या गाडीमागे रिक्षाने काका आले, तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. आधी ताकद कमी झाली. मग तापमानाचा काटा चढला, पांढरी वाफ आली. काकांनी थांबून इंजिन थंड होऊ दिलं, पाणी भरलं, पुन्हा सुरू केलं. अर्धा किलोमीटर गेली. पुन्हा वाफ. असं तीन वेळा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता चढेल. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, आम्ही सोडतो पुण्याला. पण रिबकाबाई म्हणत होत्या, गाडीच नसेल तर मी हन्नाला काय दाखवू. दीड वाजला, दोन वाजले. मग पुण्याहून फोन आला, आम्ही निघालोय, आता येऊ नका.

"तासाभराने रिबका एका दगडावर बसून तिच्याशी फोनवर बोलत होती," काका म्हणाले. "समोरच्या डोंगराला एक्सप्रेस-वे दिसतो ना, हन्नाची गाडी तिथून उतरत होती. दोघी एकमेकींना विचारत होत्या, मी दिसते का तुला. हिने ओढणीसुद्धा हलवली. तेवढ्या लांबून काय दिसणार."

मिस्त्रींनी हेड उघडलं. पॅकिंग दोन सिलिंडरांच्या मधे जळून काळी झाली होती. हेड वाकलं होतं, त्याला तडा गेला होता. मिस्त्री बराच वेळ त्या तड्यावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "काका, मी निरोप ठेवला व्हता. नट आवळल्याबिगर घाट नाय. हिनं तुमाला सांगलं नाय काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता संपलं. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडं हायसंसुद्धा वाटलं.

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "वहिनींनी सांगितलं होतं. माझ्याच लक्षातून गेलं. वय झालं, मिस्त्री."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला.

त्या म्हातारीचं हेड कुठे मिळेना. ती काकांच्या इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली आठ वर्षं उभी राहिली. आणि मिस्त्रींना एक गोष्ट मिळाली. गॅरेजमध्ये कुणी शिकलेला माणूस गाडी घेऊन आला की ते ती सांगायचे. "एवढे मोठे साहेब, बंदरात हजार माणसं हाताखाली. आणि दहा नटांचं ध्यानात राहिना. आमची बायको चौथी शिकलेली, तिनं बरोबर निरोप दिला." लोक हसायचे. मी चहाचे ग्लास खाली ठेवायचे. ते माझं कौतुक करत होते. आठ वर्षं मी त्या कौतुकाखाली उभी राहिले.

दर वर्षी दारफाळणीच्या दोन-चार दिवस आधी काका गॅरेजवर येत. त्यांच्यात सणाआधी माणसांची माफी मागून घेतात. देवाकडे मागायच्या आधी माणसांकडे. मिस्त्रींना हात जोडत, मग आत डोकावून म्हणत, "वहिनी, वर्षात काही कमी-जास्त बोललो असेन तर माफ करा." मी स्वयंपाकघरातून मान हलवायचे. ज्याने माझा अपराध उचलला तो माझ्याकडे माफी मागायचा, आणि मी ती द्यायचे. एका वर्षी त्यांनी सांगितलं, हन्ना गेली. तिकडेच गेली. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

असं वाटायचं की काका आणि मी, दोघांनाच हे माहीत आहे, आणि त्यांना त्याचं ओझं नाही. मोठा माणूस आहे, सोडून दिलं असेल. या विचारावर मी आठ वर्षं काढली. तो विचार या वर्षी, सहाव्या माळेच्या सकाळी, मोडला.

कोल्हापूरच्या एका मोडीच्या दुकानात म्हातारीचं हेड सापडलं होतं. भाद्रपदात मिस्त्रींनी इंजिन पुन्हा बांधलं. या वेळी त्यांनी स्वतः काकांना बजावलं, आणि काकांनी शहाण्या मुलासारखी गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली. सकाळी दोघं रिक्षाने आले. रिबकाबाई काठी टेकत उतरल्या.

"तुम्ही कशाला आलात, काकी?" मिस्त्री म्हणाले.

"ह्यांच्यावर सोडू? मी स्वतः बघणार, दहाच्या दहा."

इंजिन थंड होतं. मी हात ठेवून पाहिला, दगडासारखं. मिस्त्रींनी हेडवरचं पत्र्याचं झाकण काढलं. नट आवळायच्या पान्याला एक लांब दांडा असतो, त्यावर काटा आणि आकडे, किती जोर लागला ते दाखवणारे. मिस्त्रींची नजर आता जवळचं धरत नाही, म्हणून काटा मी वाचते. नट ओळीने आवळत नाहीत. मधल्यापासून सुरुवात करायची आणि समोरासमोर, आडवं-तिडवं, बाहेर जायचं. प्रत्येक नट आधी जरासा सैल करायचा आणि मग आवळायचा. सैल न करता आवळला तर तो गंजाला धरून बसतो, काटा मात्र आकडा पुरा झाल्याचं दाखवतो.

पहिला झाला. दुसरा. मी म्हणत होते, पंचेचाळीस, पंचेचाळीस. रिबकाबाई स्टुलावर बसल्या होत्या.

"बघा, कसं असतं ते," त्या काकांना म्हणाल्या. "एवढंच होतं. मी आत सीटवर, ही बिचारी बाहेर घसा कोरडा करून सांगत होती, आणि साहेबांचं लक्ष व्हिडिओत."

"गुन्हा कबूल आहे," काका म्हणाले. "आठ वर्षं शिक्षा भोगतोय."

"शिक्षा? शिक्षा मला झाली. तुम्हाला नुसती बोलणी."

मिस्त्री हसले. "काकी, आता सोडा की. शिकलेल्या माणसांचं असंच असतं."

"सोडलं असतं, मिस्त्री. पण मला पुण्याचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा बघवत नाही. आठ वर्षांत आम्ही दोघं एकदाही पुण्याला गेलो नाही. एका घरात राहतो, एवढंच."

काका बॉनेटकडे बघत होते. हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून. तेव्हा मला कळलं की ते खोटं काका फक्त माझ्या नवऱ्यासमोर बोलले नव्हते. घरी नेलं होतं. बायकोलाही तेच सांगितलं होतं. मी दर वर्षी स्वयंपाकघरातून मान हलवत होते आणि पनवेलमध्ये एका घरात दोन म्हातारी माणसं माझ्यामुळे एकमेकांना टाळून जेवत होती.

मिस्त्रींनी तिसऱ्या नटावर पाना लावला. मी म्हटलं, "मी सांगितलंच नव्हतं."

माझा आवाज इतका बारीक होता की कुणाला कळलं नाही. मिस्त्री म्हणाले, "आकडा काय?"

"काकी, मी काकांना काहीच सांगितलं नव्हतं. निरोप दिलाच नाही. सगळे बघत होते, मला बोलता आलं नाही. ह्यांना मी खोटं सांगितलं, दोनदा. काका विसरले नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं."

मिस्त्रींचा हात दांड्यावरून उतरला. रस्त्यावरून पत्र्यांचा ट्रक गेला, त्याचा खडखडाट बराच वेळ पुरला. तो संपूच नये असं मला वाटलं.

"आठ वरसं," मिस्त्री म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आठ वरसं मी चारचौघांत ह्या माणसाची टवाळी करतोय गो. ह्यांच्या तोंडावर केलीय." मग काकांना म्हणाले, "आणि तुमी ऐकून घेतलंत."

रिबकाबाई काकांकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही.

"मी तुम्हाला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "हन्ना गेली त्या दिवशी मी काय बोलले, आठवतंय?"

"आठवतंय."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"त्या दिवशी वहिनींचा चेहरा बघून बोलून गेलो," काका म्हणाले. "नंतर वाटलं, तुला कुणावर तरी रागवायला हवंय. मी घरातच असतो. परक्यावर रागावली असतीस तर राग मनात ठेवून गप्प बसली असतीस. तू बोलत होतीस ते बरं होतं."

"मोठे शहाणे," रिबकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मग माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले होते. कधी जोडले ते कळलं नाही.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "माफ केलं, असं मी आत्ता म्हणणार नाही. तोंडदेखलं होईल. ह्यांच्यावरचा राग काढून तुझ्यावर ठेवायचा, त्यालाही जरा वेळ लागेल. दारफाळणीला चार दिवस आहेत. तोवर विचार करते. माझं उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायला ये. आमच्यात विचारावं लागतं."

"येईन," मी म्हटलं.

"फोन करू नकोस. घरी ये."

मिस्त्री पुन्हा वाकले. तिसरा नट त्यांनी जरासा सैल केला आणि आवळायला घेतला. "आकडा," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, काटा आणि आकडे एकमेकांत मिसळले होते. मी पदराने डोळे पुसत होते, पुन्हा भरत होते. मिस्त्रींना दांडा तसाच धरून ठेवावा लागत होता. रिबकाबाई स्टुलावरून उठल्या, माझ्या शेजारी येऊन वाकल्या, गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "बेचाळीस. अजून थोडा." मग म्हणाल्या, "पंचेचाळीस. बस."

उरलेले सात नट त्यांनीच वाचले. मी बाजूला उभी राहून दिवा धरला.

आज आठवी माळ. मिस्त्री कामापुरतं बोलतात. काल दुपारी एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून विचारलं, तो विसरभोळ्या साहेबांचा किस्सा सांगा की. मिस्त्री म्हणाले, ते साहेब विसरले नव्हते, आमच्याकडूनच निरोप गेला नव्हता. त्यांनी 'आमच्याकडून' म्हटलं. मी आतून ऐकलं.

पनवेलहून उत्तर आलेलं नाही. उद्या सकाळी मी जाणार आहे, एकटीच, रिक्षाने. त्या दार उघडतील, कदाचित नाही म्हणतील. म्हणाल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. पण काकांच्या घरात आता त्या ज्या कुणावर रागावल्या असतील, ती मी आहे. काका नाहीत. गेले दोन दिवस सकाळी जास्वंदीची पानं पुसताना मी हेच मनाशी म्हणते आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही धूळ मला नुसती धूळ वाटते आहे.